वगळलेला फॉर्म

फॉर्म उलटा करून खिल्लारेबाईंनी त्याच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"नाव लिहायचं नाही म्हणता सर. मग हा आकडा कशाला?"

पेन्सिलीनं बारीक लिहिलेला एकतीस. फॉर्म मोजायला सोपं जावं म्हणून, असं मी म्हणालो. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा फॉर्म उचलून उलटा केला. तिथं तीस होता. पलीकडं बत्तीस असणार, हे बघायला त्या उठल्या नाहीत. ड्रॉवरमधून खोडरबर काढून त्यांनी तो एकतीस सावकाश खोडला, फुंकर मारली आणि कोरा फॉर्म माझ्याकडं सरकवला.

"भरायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं तुम्हीच वर छापलंय. मी नाही भरत."

सगळं कार्यालय कान देऊन बसलं होतं. समोरच्या टेबलावरचा एकजण हसला आणि त्यानं ते हसू खोकल्यात लपवलं. मी फॉर्म पिशवीत टाकला आणि पुढं गेलो. ही बाई मला त्या क्षणापासून आवडली नाही, आणि पुढं जे घडलं त्यात या नावडीचा वाटा मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी. मी, विश्वंभर मस्के, तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवत होतो. वय एकोणचाळीस. पीएच.डी.ला नाव नोंदवून सहावं वर्ष चालू होतं. विषय होता कार्यालयीन कर्मचाऱ्यांचं वेळेचं व्यवस्थापन आणि त्याचा कामावर होणारा परिणाम. सहा सरकारी कार्यालयं, प्रत्येकी पन्नास कर्मचारी, एकूण तीनशे फॉर्म. जो माणूस वेळेचं नियोजन करतो तो आपल्या कामात समाधानी असतो, असं माझं गृहीतक होतं. ते खरं निघणार याबद्दल मला शंका नव्हती, कारण मी स्वतः मिनिटाला धरून चालणारा होतो. घंटा झाली की वर्गाचं दार लावून घ्यायचो, मागून आलेलं पोरगं बाहेर. पोरं मला घाबरायची, सहकारी टाळायचे. मला दोन्ही चालत होतं.

आमचे प्राचार्य दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीत बसायचं तर नावापुढं डॉक्टर लागणं भाग होतं. अर्थशास्त्राच्या एका सहकाऱ्याचा प्रबंध टायपिंगला गेला होता आणि तो स्टाफरूममध्ये माझ्याशी आत्ताच प्राचार्यासारखा बोलायला लागला होता.

ते कार्यालय जिल्ह्याच्या गावी होतं. खातं कुठलं ते सांगत नाही. तिथले प्रमुख पिंगळीकरसाहेब मोठे अगत्यशील. पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला, विषय फार महत्त्वाचा आहे म्हणाले आणि सगळ्यांना शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून द्यायला सांगितलं. लोकांनी भरले. बहुतेकांनी दहा मिनिटांत. एका महाभागानं चौघांचे फॉर्म एकाच पेनानं, एकाच बाजूला तिरक्या खुणा मारून दिले. ते मला दिसत होतं. खरं सांगायचं तर आधीच्या पाचांपैकी दोन कार्यालयांतले कमी पडलेले अकरा फॉर्म मी घरी बसून स्वतःच भरले होते. त्या कशाचंच मला काही वाटत नव्हतं. राग आला तो एकच फॉर्म न भरणाऱ्या बाईचा.

बाराव्यांदा तेच करता आलं असतं. पण मी हट्टाला पेटलो. पुढच्या दोन आठवड्यांत मी तीनदा त्या कार्यालयात गेलो, आणि तीनही वेळा थेट खिल्लारेबाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

सुनंदा खिल्लारे. वय अडतीसच्या आसपास. नवरा त्याच कार्यालयात लिपिक होता, तो वारल्यावर अनुकंपेवर त्यांना घेतलेलं. आवक-जावकचं काम त्यांच्याकडं होतं. टेबल बघण्यासारखं. डाव्या हाताला आलेलं टपाल, उजव्या हाताला झालेलं, मध्ये एकच कागद. पाच वाजले की डाव्या हाताला काही उरलेलं नसे. माझ्या गृहीतकाला असा माणूस हवाच होता, आणि नेमका तोच मला दाद देत नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, की पन्नासातल्या एकोणपन्नास लोकांना जे अवघड गेलं नाही ते तुम्हाला का जातंय. त्यांनी मान वर केली नाही. त्या एकोणपन्नासांनी तो वाचलाय का, एवढंच विचारलं.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी स्वतःहून फॉर्म मागून घेतला आणि चौथ्या प्रश्नावर पेन टेकवलं. दिलेले काम आपण दिलेल्या वेळेत संपवता का.

"संपवते. मग पुढं?"

"पुढं काय?"

"संपल्यावर काय होतं, ते कुठं विचारलंय?"

मी शेवटचं पान उलटून दाखवलं. वेळेच्या वापराविषयी आपणास आणखी काही सांगायचे असल्यास, आणि खाली टिंबाटिंबाच्या दोन ओळी. त्या म्हणाल्या, दोन ओळींत मावणार नाही. मी म्हणालो, वेगळा कागद जोडा. तेवढ्यात केबिनमधली घंटी वाजली. बाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. ती घंटी शिपायासाठी होती, शिपाई आत गेला, तेव्हा पेन परत हललं.

"कोण वाचणार हे?"

"मी."

"आणि?"

"आणि कुणी नाही. माझ्याशिवाय हा कागद कुणाच्या नजरेला पडणार नाही."

"शब्द देता?"

"देतो," मी म्हणालो. परतीच्या गाडीला वीस मिनिटं उरली होती आणि मला तो विषय संपवायचा होता.

चार दिवसांनी मी गेलो तेव्हा बाईंनी जिन्यात गाठून एक खाकी पाकीट माझ्या हातात दिलं आणि न थांबता खाली उतरून गेल्या.

रविवारी सकाळी मी ते फोडलं. आत भरलेला फॉर्म होता आणि टाचणी लावलेले सहा कागद. फॉर्म आधी तपासला. वेळेच्या नियोजनात शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण. तीनशे लोकांत एवढे कुणालाच नव्हते. कामातलं समाधान पंचवीसपैकी पाच. पाच म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सगळ्यात खालचं उत्तर. त्याच्या खालीही काही जागा असती तर बाईंनी तिथं खूण केली असती.

मग कागद वाचले. अक्षर टपोरं, रेघा मारून रकाने पाडलेले. तारीख, काम संपल्याची वेळ, साहेबांनी बोलावल्याची वेळ, सोडल्याची वेळ, मिळालेली गाडी, घरी पोचल्याची वेळ. चौदा महिन्यांतले एक्केचाळीस दिवस. शेवटच्या रकान्यात एखादंच वाक्य. 'कालचंच जावक रजिस्टर पहिल्यापासून वाचायला लावलं.' 'सहा दहाची गाडी गेली हे माहीत असून घड्याळाकडं बघून हसले.' 'समोर बसवलं. काम दिलं नाही. सव्वादोन तास.' 'दार लावलेलं.' 'दार लावलेलं.' 'आज शिपायालाही आधीच घरी पाठवलं.' 'अंगाला हात लावलेला नाही. बघत बसतात. नोकरी नवऱ्याच्या पुण्याईवर आहे म्हणाले, ती टिकवायची कशी ते शिकून घ्या.' शेवटच्या कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, 'मी काम वेळेत संपवते म्हणून माझ्याकडं वेळ उरतो, असं ते म्हणतात. म्हणून दोन महिने मी काम मुद्दाम रेंगाळून बघितलं. तेव्हा मेमो मिळाला.'

सहा वर्षं मी वेळेवर संशोधन करत होतो. इतकी काटेकोर नोंद मला कुणी दिली नव्हती. आणि ती वाचून संपल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढ्या मजकुराला तक्त्यात बसवायचं कुठं.

माझे मार्गदर्शक डॉ. सेलूकर विद्यापीठाच्या गावी राहत. त्यांच्याकडं मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन गेलो आणि हे पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. शब्द दिला होता, तो इथंच एकदा मोडला, पण तेव्हा ते मला मोडणं वाटलं नाही. मार्गदर्शक म्हणजे बाहेरचा माणूस थोडाच. सरांनी दोन कागद वाचले, चष्मा काढला आणि कागद घडी करून परत पाकिटात घातले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही तक्रार आहे, आपण संशोधन करतो. हे प्रबंधात आलं तर ते कार्यालय पत्र देणार नाही, आणि फॉर्म इथं भरून घेतले असं त्या कार्यालयाचं पत्र नसेल तर विद्यापीठ प्रबंध स्वीकारणार नाही.

"वगळा," ते म्हणाले. "आणि तीनशेचे दोनशे नव्व्याण्णव करू नका. लोक विचारतात."

मी घरी आलो आणि बारावा फॉर्म भरला. वेळेचं नियोजन बहात्तर, समाधान एकोणीस. पाकीट कपाटात, माझ्या लग्नाच्या कपड्यांखाली ठेवून दिलं.

एप्रिलमध्ये पत्र घ्यायला गेलो. पिंगळीकरसाहेबांनी दुपारी तीनची वेळ दिली होती. मी पावणेतीनला हजर. साडेतीन झाले, साडेचार झाले, साहेब बैठकीत आहेत असं शिपाई सांगत राहिला. पावणेसहाला कार्यालय सुटलं. लोक डबे घेऊन बाहेर पडले. खिल्लारेबाईही पिशवी खांद्याला लावून उठल्या, तेवढ्यात घंटी वाजली. या वेळी शिपाई बाहेर येऊन त्यांच्याकडं नुसता बघून बाजूला झाला. त्यांनी पिशवी परत खुर्चीवर ठेवली आणि आत गेल्या. माझ्या समोरून गेल्या, माझ्याकडं बघितलं नाही. शिपायानं दार ओढून घेतलं, मग तोही सायकल घेऊन गेला.

मी बाकावर बसून होतो. सव्वासहा. साडेसहा. आतून साहेबांचा आवाज येत नव्हता, बाईंचाही येत नव्हता. मधूनच पान उलटल्यासारखं वाटायचं. मी उठून दार वाजवू शकत होतो, मला तर वेळ दिलेली होती. मी उठलो नाही. माझं पत्र त्या टेबलावर होतं आणि साहेबांची मर्जी खराब करायची मला इच्छा नव्हती.

सातला साहेबांनीच दार उघडून मला आत बोलावलं. बराच वेळ थांबावं लागलं, माफ करा म्हणाले. खिल्लारेबाई टेबलाच्या कडेला खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर उघडं रजिस्टर. साहेबांनी पत्र समोर ओढलं, पेनाचं टोपण काढलं, पण सही केली नाही.

"काय मस्केसर, आमच्या लोकांनी फॉर्म नीट भरले ना? कुणी काही तक्रारी वगैरे लिहिल्या नाहीत?"

हसत हसत विचारलं. मला त्याच दिवशी विद्यापीठाच्या गावाला जाणारी गाडी गाठायची होती. सही दोन सेकंदांची. नाही म्हणालो असतो तर विषय संपला असता. पण मी प्रामाणिक माणूस आहे असं मला दाखवायचं होतं, बहुतेक. किंवा मी साहेबांसाठी काहीतरी केलंय हे त्यांना कळावं, असं वाटलं असेल. मी म्हणालो, सगळे उत्तम भरलेत, एकच फॉर्म जरा वेगळा होता, पण काळजी करू नका, तो मी वगळलाय. नाव घेतलं नाही.

साहेब म्हणाले, असं का, आणि त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, शिक्का मारला. पत्र घेऊन मी बाहेर पडलो.

पुढचं दीड वर्ष मी त्या कार्यालयाकडं फिरकलो नाही. प्रबंध लिहिला, छापला, दिला. निष्कर्ष क्रमांक एक, वेळेचे नियोजन आणि कामातील समाधान यांचा थेट संबंध आढळतो. दोन हजार चारच्या ऑक्टोबरात खुली मौखिक परीक्षा लागली. खुली म्हणजे कुणीही येऊन बसू शकतं आणि शेवटी प्रश्न विचारू शकतं. प्रत्यक्षात कुणी विचारत नाही. आपलेच सहकारी आणि नातेवाईक येतात, नाश्ता झाला की हार-शाल होते. माझ्या बायकोनं सकाळीच पेढ्यांचे बॉक्स हॉलच्या मागच्या टेबलावर लावून ठेवले होते.

मी वीस मिनिटं बोललो. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी चार प्रश्न विचारले, मी चारही नीट सांभाळले. उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं आणि ते कागद आवरायला लागले. तेव्हा शेवटच्या रांगेत एक बाई उभी राहिली. चेहरा बराच उतरलेला, केस पुढून पांढरे झालेले. मला ओळखायला दोन क्षण लागले.

त्यांनी आधी विचारलं, नमुना किती जणांचा होता. मी म्हणालो, तीनशे. त्यांनी विचारलं, गोळा किती झाले. मी म्हणालो, तीनशे.

"म्हणजे एकही वगळला नाही?"

"नाही."

"मग माझा त्यात आहे का?"

डॉ. सेलूकर लगेच उठले. हा प्रश्न विषयाला धरून नाही, पुढं जाऊ या, असं काहीसं ते म्हणाले. पण परीक्षक जुन्या वळणाचे होते. त्यांनी हात वर करून सरांना थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. उमेदवाराला उत्तर देऊ द्या, ते म्हणाले.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य होते, संस्थेचे सचिव होते, बायको होती. मी टेबलाची कड धरली आणि मला जे सुचलं ते बोललो.

"उत्तरदात्यांना मी गोपनीयतेचा शब्द दिलेला आहे. कुणाचा फॉर्म होता, कुणाचा नव्हता, हे मला कुणालाही सांगता येणार नाही. खुद्द उत्तरदात्यालाही, चारचौघांत नाही."

परीक्षकांनी समाधानानं मान हलवली. योग्य उत्तर, ते म्हणाले, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं. त्यांच्या अहवालात पुढं ते वाक्य आलं, की उमेदवारानं उत्तरदात्यांची गोपनीयता कसोशीनं सांभाळल्याचं मौखिक परीक्षेत दिसून आलं. तो अहवाल माझ्या सेवापुस्तिकेला जोडलेला आहे.

खिल्लारेबाई तोवर बाहेर गेल्या होत्या. टाळ्या झाल्या, शाल झाली, लोक नाश्त्याकडं वळले. मी हात धुवायच्या निमित्तानं व्हरांड्यात आलो तर त्या खांबाशी उभ्या होत्या. मी वळून परत जाणार होतो.

"अभिनंदन करायला नाही थांबले," त्या म्हणाल्या. "माझे कागद परत द्या. सहा कागद होते."

मी विचारलं, आता कशाला. त्यांनी सांगितलं ते एका सुरात सांगितलं, जसं कुणी टपालाची यादी वाचतं. मी पत्र घेऊन गेलो त्याच आठवड्यात त्यांना मेमो मिळाला, बाहेरच्या माणसाला कार्यालयाची माहिती पुरवली म्हणून. महिन्यानं ऐंशी किलोमीटरवर बदली. मुलगी बारावीला, तिला बहिणीकडं ठेवावं लागलं. ते सगळं त्या सोसून बसल्या होत्या. पण आता त्यांच्या जुन्या टेबलावर एक नवी मुलगी बसवलीय, तेवीस वर्षांची, तीही अनुकंपेवरची. गेल्या आठवड्यात ती यांना एसटी स्टँडवर भेटली. रात्री साडेआठला.

"मी खात्याच्या महिला तक्रार समितीकडं तक्रार करणार आहे. तारखा लागतील. कच्च्या चिठ्ठ्या होत्या, त्या बदलीच्या सामानात गेल्या. पक्कं लिहिलेलं तेवढं तुमच्याकडंच आहे."

मागं हॉलमधून अर्थशास्त्राचा सहकारी मला हाका मारत होता. फोटोसाठी. मी मनात हिशेब केला. कागद समितीपुढं गेले की फॉर्म जाणार, फॉर्म गेला की तीनशेचा आकडा खोटा ठरणार, आणि आत्ताच अर्ध्या तासापूर्वी मी तो तीस लोकांसमोर सांगितला होता. जानेवारीत प्राचार्यपदाची मुलाखत.

"ते मी नष्ट केले," मी म्हणालो. "संशोधनाचा नियम असतो तसा."

त्यांनी हॉलच्या दाराकडं हात केला.

"आत म्हणालात, कुणाचा फॉर्म ते सांगता येत नाही. पिंगळीकरांना सांगताना आलं."

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं, बाई."

"नाव नव्हतं घेतलं. माझ्याकडं बघितलं होतं."

बघितलं होतं. तो फॉर्म वगळलाय असं म्हणताना मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बघ, तू मला दोन आठवडे खेळवलंस, शेवटी काय झालं तुझ्या कागदांचं, अशा नजरेनं बघितलं होतं. साहेबांचे डोळे माझ्या डोळ्यांमागून त्यांच्यावर गेले होते, आणि मगच सही झाली होती. त्या संध्याकाळचं सगळं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, तेवढं एक सोडून.

बाईंनी पिशवी खांद्यावर नीट केली. पुन्हा लिहीन, एवढं म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या. मी आत जाऊन फोटोला उभा राहिलो.

डिसेंबरात समितीचं पत्र आलं. तक्रारदार महिलेनं असे काही कागद आपल्याकडं दिल्याचं म्हटलं आहे, ते असल्यास सादर करावेत. मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. संशोधनाची सर्व साधनं नियमानुसार नष्ट करण्यात आली असून सदर मजकुराबाबत काही आठवत नाही. जानेवारीत मुलाखत झाली. फेब्रुवारीत मी प्राचार्य झालो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समितीच्या निर्णयाची प्रत माझ्या नावानं आली, माहितीस्तव. तीन पानं होती. तक्रारदारानं आठवणीतून एक्केचाळीस तारखा दिल्या होत्या. पिंगळीकरांनी त्यातल्या दोन तारखांवर बोट ठेवलं होतं. एक दुसरा शनिवार, एक गुरुनानक जयंती. दोन्ही दिवशी कार्यालय बंद. ज्या अर्थी दोन तारखा उघड खोट्या आहेत त्या अर्थी संपूर्ण तपशील रचलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, मूळ नोंद उपलब्ध नाही, सबब तक्रार दप्तरी दाखल करण्यात येत आहे. त्या नव्या मुलीनं, आपल्याला काही सांगायचं नाही, असं लिहून दिलं होतं.

मी दुपारीच घरी गेलो आणि कपाटातलं पाकीट काढलं. कागद पलंगावर पसरून एकेक तारीख ताडून बघितली. मूळ कागदावर त्या दोन तारखा नव्हत्याच. एके ठिकाणी शुक्रवार होता, एके ठिकाणी जयंतीचा आदला दिवस. बाईंची आठवण दोन ठिकाणी एकेका दिवसानं सरकली होती. बाकी एकोणचाळीस तारखा, वेळेसकट, बरोबर होत्या.

पलंगाच्या कडेला मी संध्याकाळपर्यंत बसून होतो. बायकोनं दोनदा विचारलं, काय झालं. मला स्वतःचा एवढा संताप आला होता की मी तिच्यावरच ओरडलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी एक चिठ्ठी लिहिली. मूळ कागद माझ्याकडंच होते, मी खोटं बोललो, आपण म्हणाल तेव्हा समितीपुढं येऊन सांगायला तयार आहे. चिठ्ठी आणि सहा कागद मोठ्या पाकिटात घातले, बाईंच्या नव्या कार्यालयाचा पत्ता घातला आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. ते पाकीट थेट समितीला पाठवता आलं असतं. त्यासाठी बाईंनी म्हणण्याची गरज नव्हती. पण मी ते त्यांना पाठवलं, आणि बाहेर येताना मला हलकंसुद्धा वाटलं.

नवव्या दिवशी पाकीट परत आलं. पत्त्यावर आडवी रेघ मारून पोस्टमननं लिहिलं होतं, 'घेण्यास नकार'. चिकटवलेली कड तशीच होती, आत काय आहे ते बाईंनी बघितलंच नव्हतं. पाठवणाऱ्याच्या जागी मी माझं नाव घातलं होतं, डॉक्टर आणि प्राचार्य दोन्ही लावून. त्यांनी तेवढं वाचलं असणार.

शिपायानं ते इतर टपालाबरोबर माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, सर, हे परत पाठवायचं का कुणाकडं. समितीचा पत्ता माझ्या समोरच्याच फायलीत होता. मी म्हणालो, नको, राहू दे.